झग्यांचा पडदा

केलर सिटी, ओहायो
१७ जानेवारी १९७०

प्रिय ओझेला आत्या,

आधी खुर्चीत नीट बस. चहा हातात असेल तर खाली ठेव. बसलीस? मी पहिली फेरी पार केली!

अगं, मी! तुझी नेल! जी बारा वर्षांची असताना तू तिला म्हणाली होतीस, "एवढं मोठं वाद्य घेतेस, नवरा मावेल का घरात?" इथल्या ऑर्केस्ट्रातल्या डबल बासच्या त्या एका रिकाम्या जागेसाठी केवढी गर्दी जमली होती, आणि त्यातले मोजके अंतिम फेरीला ठेवलेत. त्यात मी आहे.

आणि कसं झालं ते ऐक. रंगमंचावर आडवा पडदा. पलीकडे परीक्षक, अलीकडे आम्ही. नावं नाहीत, नुसते क्रमांक. टाचांचा आवाज होऊन बाई आहे का बाप्या ते कळू नये म्हणून खाली गालिचा. खोकायचंसुद्धा नाही. अर्जावरही मी फक्त "व्ही. ट्रिबल" लिहिलं होतं. आत्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे न बघता माझं वाजवणं ऐकलं. मला तर हसूच फुटत होतं.

आता वाईट बातमी. अंतिम फेरीला पडदा नाही. इथले व्यवस्थापक मिस्टर डनलीवी, सदा ताक प्यायल्यासारखं तोंड केलेला माणूस, पेपरवाल्यांना म्हणाले, "पडदा भाड्याचा होता, परत गेला. कुणी दिला तर आम्ही आनंदानं लावू." कात्रण सोबत पाठवते. म्हणजे मी रंगमंचावर पाऊल टाकलं की निकाल लागलाच समज. ह्या ऑर्केस्ट्रात आजवर आपल्या काळ्या लोकांतलं कुणी बसलेलं नाही. कोट सांभाळायला आहेत, फरशी पुसायला आहेत, वाजवायला एकही नाही. मला ही जागा हवीये, आत्या. इतकी हवीये की सांगायची लाज वाटते.

मी शिकवते त्या शाळेतली पोरं आज विचारत होती, बाई, तुम्ही एकट्याच का हसता?

तुझी,
नेल

ता. क. : घरमालक क्रचफील्ड त्यांच्या मासळीच्या गाडीतून माझा बास ने-आण करतात. फुकट. पण बासला बांगड्याचा वास येतो.

---

लेक्सिंग्टन, केंटकी
२२ जानेवारी

लाडके नेल,

तुझं पत्र मी शिवणमंडळात मोठ्यानं वाचलं. भगिनी झेनोबियानं अशी काही "हालेलुया!" ठोकली, की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

आता कामाचं बोलू. "कुणी दिला तर आनंदानं लावू." छापून आलंय ना? मग झालं तर. पोरी, तुझ्या त्या डनलीवीनं आयुष्यात बघितलं नसेल तेवढं कापड आमच्या कपाटात पडून आहे. चर्चच्या गायकवृंदाचे जुने झगे! लाल वाइनच्या रंगाची जाड मखमल, आरपार काही दिसायची सोय नाही. उसवायला घेतलेत. नवे झगे ईस्टरपर्यंत येत नाहीत, तोवर आमचा गायकवृंद घरच्या कपड्यांत गाणार. पाळकसाहेब कुरकुरले. मी म्हटलं, देवाला आमचे झगे ओळखीचे नसतील तर इतकी वर्षं तो बघत काय होता?

डनलीवीला मी पत्र टाकलंय. "माउंट गिलियड चर्चचं शिवणमंडळ कलेच्या सेवेसाठी पडदा सप्रेम देऊ इच्छितं." एक प्रत त्या पेपरवाल्यालाही पाठवली. तुझं नाव कुठेही नाही, आणि माझं आडनाव लँगफर्ड. नवरा गेला, पण आडनाव कामाला आलं.

आता एक गोष्ट ऐक. एकेचाळीस साली मी त्याच हॉलवर माझा चेलो, तुझ्या बासचा धाकटा भाऊ, घेऊन परीक्षा द्यायला गेले होते, एवढं तुला माहीत आहे. पुढचं मी कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकलं की तुझा बाप रडायचा. निळा ड्रेस, पांढरे हातमोजे, केसांना तासभर इस्त्री. बाजूच्या दारावरच्या माणसानं चेलो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "ठेव त्या भिंतीशी. वाजवणारा कधी येणारे?"

मी काय म्हणाले असेन?  तोंडातून निघालं, "वेळ लागेल. पण वाजवणारी येईल." आणि चेलो उचलून तडक बसस्टँड गाठला. बसमध्ये इतकी रडले की शेजारच्या बाईचाही रुमाल संपवला. आता हसू येतं. पण माझा एक सूरही कुणी ऐकला नाही, नेल, हे मात्र अजून बोचतं. तुझं तसं मी होऊ देणार नाही.

जेवत जा.

तुझी आत्या

---

केलर सिटी
३ फेब्रुवारी

आत्या गं आत्या,

तू काय केलंस हे! पेपरात पहिल्या पानावर बातमी, "चर्चच्या महिलांचा पडदा". डनलीवीची इकडे आड तिकडे विहीर झालीये. वादकांनी त्याला घेरलं आणि विचारलं, आनंदानं लावणार होता ना, मग लावा की! त्याला लावावाच लागतोय. मी बातमी वाचून क्रचफील्डांच्या दुकानात नाचले. एक गिऱ्हाईक मासे न घेताच गेलं.

पण काल आलेल्या चिठ्ठीत तू लिहिलंयस की मंडळ स्वतः पडदा घेऊन येणार. पार्सलनं का नाही पाठवत? "चर्चची वस्तू एकटी प्रवास करत नाही" हा नियम कुणी काढला? मला ठाऊक आहे कुणी काढला. आत्या, मी पाया पडते. तुम्ही या, पडदा लावा आणि गपचूप बाहेर जाऊन केक खा, आइस्क्रीम खा, काय हवं ते खा. झेनोबिया काकूंना आत येऊ देऊ नकोस. त्यांना गप्प बसता येत नाही. माझ्या बाप्तिस्म्याला त्या एवढ्या ओरडल्या होत्या की पाळकसाहेबांच्या हातून मी पाण्यात निसटले होते. आई अजून सांगते.

तुझी घाबरलेली,
नेल

---

लेक्सिंग्टन
७ फेब्रुवारी

नेल,

आम्ही आत बसणार. डनलीवीला कळवलंय, त्यानं वरच्या गॅलरीत बसायची परवानगी दिलीये. अट एकच, चकार शब्द काढायचा नाही.

झेनोबियाला मी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. शिवाय प्रत्येकीच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या. तोंड भरलेलं असलं की बोलणार कसं?

पडदा झकास झालाय. डाव्या कोपऱ्यात एक बाही राहून गेलीये, ती गायकवृंदात गाणाऱ्या कै. डीकन रूफस यांची. त्यांच्या बायकोनं कापू दिली नाही. म्हणते, त्यांनाही ऐकू दे.

तू तुझ्या बोटांकडे बघ. बाकीचं आम्ही बघतो.

आत्या

---

केलर सिटी
१६ फेब्रुवारी

ओझेला आत्या,

हे पत्र मी रागानं लिहितेय आणि तसंच पाठवणार आहे.

सगळं छान चाललं होतं. माझा क्रमांक चार. पडदा असा सुंदर लटकत होता की मला घरी आल्यासारखं वाटलं. जलद भाग झाला. अवघड भाग झाला, एकही सूर हलला नाही. मग तो संथ भाग, ज्यात बास एकटाच गातो. माझं मलाच वाटलं, नेल, आज तू वाजवतेयस हं! आणि मी वरचा सूर धरला, सगळा हॉल श्वास रोखून, आणि वरून, गॅलरीतून, अख्ख्या केलर सिटीला ऐकू जाईल अशा आवाजात,

"सावकाश, पोरी! सावकाश! घाई नाही!"

आत्या!! पोरी!! बाई आहे ते कळलं. आणि रविवारी सकाळी आपल्या चर्चमध्ये बोलतात तसं दुसरं कोण बोलतं? पडद्यामागे कोण आहे हे बहिऱ्यालाही कळलं असेल. तुम्ही महिनाभर बोटं फोडून पडदा शिवलात आणि एका वाक्यात टरकन फाडलात.

मी शेवटपर्यंत वाजवलं. कसं ते मला आठवत नाही. मग निकालाला थांबलेच नाही. बास मासळीच्या गाडीत टाकला आणि घरी येऊन पांघरुणात शिरले. तुम्हाला बसला सोडायलाही आले नाही. येणारच नव्हते.

तुम्ही मला जीव लावता ते कळतं. पण थोडा वेळ तो जीव दुसऱ्या कुणाला लावा.

व्हर्नेल

---

लेक्सिंग्टन
२० फेब्रुवारी

नेल,

"व्हर्नेल" अशी सही केलीस तेव्हाच कळलं, पोर खरंच चिडलीये. चीड. तुझा हक्क आहे. झेनोबिया तीन दिवस जेवली नाही. म्हणजे दुपारचं नाही.

पण तू अर्ध्यातून पळालीस, तर उरलेलं अर्धं माझ्याकडून ऐक.

झेनोबिया बोलली आणि मी तिच्याकडे डोळे वटारले. ती बिचारी स्वतःच थिजली, गोळी गिळून बसली. म्हणाली, "ओझेला, मी मुद्दाम नाही गं! पोरगी इतकं छान वाजवत होती, आतून आलं!" खरंच आहे. आपल्यात कुणी छान वाजवलं आणि आपण गप्प राहिलो, तर त्याला सभ्यपणा म्हणत नाहीत, आजारपण म्हणतात.

मग पाच क्रमांक आला. गॅलरीतून आम्हाला पडद्याच्या दोन्हीकडचं दिसत होतं. चांगला दांडगा, मिशीवाला गोरा बाप्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी झेनोबियाला चिमटा काढला. म्हटलं, आता बोल. सगळ्यांना बोल! नेलला बोललीस तेच, तस्संच.

त्या मिशीवाल्यानं सूर धरला आणि झेनोबिया, "सावकाश, पोरी! घाई नाही!"

अगं, पोरीच म्हणावं लागलं ना, नाहीतर फरक कळला असता! तो दचकला. पण मग त्याचे खांदे खाली आले आणि काय गोड वाजवायला लागला! सहावा चिकणा, नुसती बोटं पळवत होता. त्याला मंडळातल्या सगळ्याजणी एका सुरात, "दाखवू नकोस, पोरी, वाजव!" सातवा थरथरत होता. त्याला आम्ही "आम्ही आहोत हं" म्हटलं, तर वाजवून झाल्यावर तो विंगेत जाऊन रडला.

मधेच डनलीवी धापा टाकत जिन्यानं वर आला. "कोण बोललं?" आम्ही सगळ्या हाताची घडी घालून, डोळे मिटून बसलेल्या. झेनोबिया म्हणाली, "पवित्र आत्मा असेल, साहेब." तो लालबुंद. म्हणाला, चला, निघा बाहेर! मी उठले. म्हटलं, "निघतो. पडदाही उतरवून घेतो. चर्चची वस्तू एकटी राहत नाही." खाली पेपरवाला बसलेला, पेन्सिल चाटत.

तेवढ्यात परीक्षकांतला एक म्हातारा हसायला लागला. इतका हसला की खोकला आला. जाड भिवयांचा, दूरदेशीचे उच्चार. तो ओरडून म्हणाला, "बसू द्या त्यांना! त्या बरोबर जागीच बोलतायत!"

तेव्हा सांग, आता पडद्यामागे कोण होतं ते कुणाला कळणार? त्यांच्या दृष्टीनं सगळेच माउंट गिलियडचे.

आम्हाला बस गाठायची होती म्हणून निकालाला थांबता आलं नाही, पडदा तिथेच राहिला. जाऊन घेऊन ये. घडी नीट कर, डीकन रूफसची बाही चुरगळू नकोस.

आणि पांघरुणातून बाहेर ये.

आत्या

---

केलर सिटी
२७ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या, आत्या,

झेनोबिया काकूंना सांग, दुपारचंही जेवा. दोनदा जेवा!

तुझं पत्र वाचून मी हसून हसून जमिनीवर बसले. मिशीवाल्याला पोरी!! आणि त्याच दिवशी दुसऱ्या टपालानं एक पांढरंशुभ्र पाकीट. "प्रिय मिस्टर ट्रिबल, क्रमांक चार, आपली एकमतानं निवड झाली असून..." एकमतानं! मिस्टर! नावांची पाकिटं निकालानंतरच उघडली, आणि मी थांबलेच नव्हते, म्हणून त्यांना अजून पत्ताच नव्हता की मी कोण.

गेले. लाल टोपी घालून गेले, भीत होते म्हणूनच. डनलीवीनं मान वर केली, मला बघितलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "हां, पडदा न्यायला आलात ना? मागच्या दारानं घ्या, तिथं घडी करून ठेवलाय."

मी म्हटलं, "पडदा तर नेतेच. आणि मी ट्रिबल." आणि त्याच्या सहीचं पत्र त्याच्याच टेबलावर ठेवलं.

आत्या, माणसाचा चेहरा असा टप्प्याटप्प्यानं उतरताना मी कधी बघितला नव्हता. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. म्हणाला, थोडा गैरसमज झालाय, संचालकांनी आपल्याला एकदा समक्ष बघायला हवं.  वाटलं, गेलं. दारापर्यंत येऊन गेलं. तुझं झालं तसंच.

आणि मागून तुझ्या पत्रातला तोच खोकला. जाड भिवया. ते मिस्टर साबो, बासवाल्यांचे प्रमुख, हंगेरीचे. दाराला टेकून उभे. म्हणाले, "बघायचं काय त्यात? आम्ही ऐकलंय." मग टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिलं.

मी सही केली. शाई सांडली, पण केली.

माझा राग केव्हाच गेला. थोडासा उरला होता तो क्रचफील्डांनी तळलेल्या माशाबरोबर खाल्ला. पहिला कार्यक्रम चार एप्रिलला. सगळ्याजणी या. ह्या वेळी मात्र खरंच, खरंच गप्प बसायचं. हा मोठा कार्यक्रम आहे, तिथं मधे टाळीसुद्धा वाजवत नाहीत. पेपरमिंट जास्त आणा.

तुझी, फक्त तुझी,
नेल

---

केलर सिटी
५ एप्रिल

आत्या,

कुठं होतीस तू?

मी दिवे मंद व्हायच्या आधी गॅलरीकडे बघितलं. अख्खं मंडळ! टोप्यांवर टोप्या. झेनोबिया काकूंचे गाल पेपरमिंटनं असे फुगलेले की दाढ दुखतेय असं वाटावं. आणि त्यांच्या शेजारी तुझी खुर्ची रिकामी.  बस चुकली? बरं नव्हतं? कार्यक्रमानंतर तू आलीस, मिठी मारलीस, आणि कुठं होतीस विचारलं तर म्हणालीस "पाय मोकळे करत होते" आणि निघालीस. हे काय उत्तर झालं?

आणि दुसरी तक्रार. इतक्या गप्प का बसल्या सगळ्याजणी? मीच सांगितलं होतं, माहीत आहे. पण संथ भाग आला, आम्ही बासवाल्यांनी सूर धरला, आणि मी वाट बघत राहिले. वरून काहीच येईना. सगळीकडे शांतता, हातमोजे घातलेल्या गोऱ्यांची. मला इतकं एकटं वाटलं, आत्या, की माझा गज पुढे धावायला लागला. मला, जिनं तुम्हाला तसं पत्र लिहिलं, तिला!

आणि शेजारून, मान न वळवता, ओठ न हलवता, मिस्टर साबो त्यांच्या त्या जाड उच्चारात पुटपुटले, "सावकाश, पोरी. घाई नाही."

मी हसले. रंगमंचावर, एवढ्या लोकांसमोर, दात दाखवून. आणि मग वाजवलं बघ.

आता सांग कुठं होतीस.

नेल

---

लेक्सिंग्टन
९ एप्रिल

लाडके नेल,

सांगते. हसू नकोस.

सगळ्याजणी पुढच्या दारानं आत गेल्या. मी म्हटलं, आलेच. आणि हॉलला वळसा घालून बाजूच्या दाराशी गेले. दार तेच आहे गं, रंग नवा. निळा ड्रेस मी मुद्दाम घातला होता. दोनदा उसवून मोठा केलाय, पण तोच. पांढरे हातमोजेही तेच.

दार ठोठावलं. एक तरणा पहारेकरी सँडविच खात बाहेर आला. म्हणाला, "काय हवंय, बाई?"

म्हटलं, "काही नको. एकेचाळीस साली इथं एक निरोप ठेवला होता, वाजवणारी येईल म्हणून. ती आली. तेवढं सांगायला आले."

 त्याचा घास गालातच राहिला. बिचाऱ्याला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलंय. त्यानं घड्याळ बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्हाला उशीर झाला, बाई. आत सुरू झालंय."

आणि झालंच होतं. दार उघडं होतं ना, आतून बासचा आवाज येत होता. पार पायांच्या तळव्यांपर्यंत. मी त्या भिंतीशी उभी राहिले, जिथं चेलो ठेवायला सांगितला होता तिथंच, आणि सगळं तिथूनच ऐकलं.

त्या पोराला म्हटलं, "हो रे बाबा. सुरू झालंय."

तुझी आत्या